भूविकासाची अवजड यंत्रे – खरेदी की भाडे? : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात एक आर्थिक विवेचन

प्रस्तावना :

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला असलेल्या बारामती व इंदापूर या तालुक्यांचा आर्थिक इतिहास हा बऱ्याच अंशी माती हलविण्याचा इतिहास आहे. नीरा डाव्या कालव्याच्या कामास १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून चालना मिळाली व १८८५ मध्ये कालवा सुरू झाला. ती सारी खोदाई कुदळ, फावडे व पाटी यांच्या बळावर झाली. विहिरी, ताली व बांध यांची कामे पुढेही दीर्घकाळ वडार व बेलदार समाजांच्या पारंपरिक कौशल्यावर अवलंबून होती. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणामुळे इंदापूरच्या उत्तर सीमेवर विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. साखर कारखाने, वालचंदनगरचा उद्योगसमूह, बारामतीची औद्योगिक वसाहत आणि अलीकडे पाटस–बारामती–इंदापूर–अकलूज असा जाणारा संत तुकाराम महाराज पालखी मार्ग यांमुळे जमिनीचे स्वरूप व मूल्य दोन्ही पालटले.

आज सपाटीकरण, शेततळे, विहीर, निचऱ्याचे चर, निवासी भूखंडांची आखणी, इमारतीचा पाया ही सर्व कामे यंत्राद्वारे होतात. ऊसबिलाची बचत किंवा भूसंपादनाचा मोबदला हाती आला, की 'एक जेसीबी घेऊन टाकू' हा विचार अनेक कुटुंबांत मूळ धरतो. हा निर्णय लाखो रुपयांचा असतो आणि त्यामागे बहुधा जमीन तारण असते. तो फसला तर यंत्राबरोबर जमीनही धोक्यात येते. म्हणून या निर्णयामागील अर्थशास्त्राचा विचार होणे अगत्याचे आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) भूविकासाच्या यंत्रांचे स्वरूप व त्यांची स्थानिक उपयुक्तता स्पष्ट करणे.
२) खरेदी व भाडे या दोन पर्यायांची किफायतशीरता तपासण्याची पद्धत मांडणे.
३) ऋतुमान, पीकपद्धती व कायदा यांचा या निर्णयावरील परिणाम विशद करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा आहे. लेखातील किमती, दर व कामाचा वेग हे गणिताची पद्धत समजावी यासाठी गृहीत धरलेले आकडे आहेत. वाचकाने त्यांच्या जागी आपल्या गावचे प्रचलित दर घालून हिशेब करावा.

यंत्रांचे प्रकार व स्थानिक भूरचना :

बोलीभाषेत 'जेसीबी' म्हणजे पुढे लोडर व मागे खोदाईचा हात असलेले, टायरवर चालणारे यंत्र. जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी इंग्लंडमध्ये १९४५ साली स्थापन केलेल्या कंपनीची ही आद्याक्षरे होत. या कंपनीचे भारतातील उत्पादन १९७९ मध्ये हरियाणातील बल्लभगड येथे सुरू झाले आणि कंपनीचे नावच यंत्राचे सामान्यनाम झाले. 'पोकलेन' हा शब्दही असाच पोकलेन या फ्रेंच कंपनीच्या नावावरून रूढ झाला. साखळीपट्ट्यावर चालणाऱ्या कोणत्याही खोदाई यंत्राला, ते कोणत्याही कंपनीचे असो, आपल्याकडे पोकलेनच म्हटले जाते.

जेसीबी स्वतः रस्त्याने कामावर जाऊ शकते व एकाच दिवसात दोन-तीन किरकोळ कामे उरकते. पोकलेन ट्रेलरवर चढवून न्यावे लागते. परंतु एकदा कामाला लागले, की त्याचा वेग जेसीबीच्या कितीतरी पट असतो.

यंत्राची निवड जमिनीवर अवलंबून असते. नीरा कालव्याच्या लाभक्षेत्रात खोल काळी माती आहे. अतिपाण्यामुळे क्षारपड वा चोपण झालेल्या जमिनीत निचऱ्याचे चर काढणे हे येथील महत्त्वाचे काम होय. याउलट बारामतीच्या उत्तरेकडील जिरायती पट्ट्यात मातीचा थर उथळ असून त्याखाली मुरूम व बेसाल्टचा कठीण खडक लागतो. तेथे साध्या बकेटचा निभाव लागत नाही. ब्रेकर जोडावा लागतो किंवा परवानाधारकाकडून सुरुंग घ्यावा लागतो. माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये पायाभरणी झालेल्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेचे प्रक्षेत्र अशाच खडकाळ माळावर अवजड यंत्रांनी जमीन फोडून विकसित करण्यात आले. हे काम यंत्राने शक्य असले, तरी खडकातील एका तासाचा खर्च व काळ्या मातीतील एका तासाचा खर्च सारखा नसतो, ही बाब दर ठरविताना ध्यानात घ्यावी लागते.

तासाचा दर की कामाचा दर ? :

भाड्याचा व्यवहार सामान्यतः तासावर होतो आणि ग्राहक तासाचा दर पाहून यंत्र ठरवितो. हा निकष अपुरा आहे. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतील ३० × ३० × ३ मीटर आकाराचे शेततळे उदाहरणादाखल घेऊ. बाजूंचा उतार १:१ धरल्यास तळाचे माप २४ × २४ मीटर येते व खोदाई २,१९६ घनमीटर भरते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर, म्हणजे ही खोदाई सुमारे ७७६ ब्रास झाली.

जेसीबीचा वेग ताशी ३० घनमीटर व दर रु. १,२०० धरल्यास ७३ तास व सुमारे रु. ८८,००० लागतात. पोकलेनचा वेग ताशी ९० घनमीटर व दर रु. २,२०० धरल्यास २४.४ तास व सुमारे रु. ५४,००० लागतात. ट्रेलरच्या ने-आणीचे रु. १२,००० मिळविले तरी एकूण खर्च रु. ६६,००० च्या आसपास राहतो. म्हणजे तासाला महाग दिसणारे यंत्र या कामात रु. २२,००० नी स्वस्त ठरते. हेच काम २०० घनमीटरचे, एखाद्या घराच्या पायाचे असेल, तर चित्र उलटते. जेसीबीला रु. ८,००० पुरतात, पोकलेनला ट्रेलरसह सुमारे रु. १७,००० लागतात. तात्पर्य, तुलना प्रति ब्रास खर्चाची करावी व त्यात ने-आणीचा खर्च अवश्य धरावा.

खरेदीचे समच्छेद-गणित :

यंत्राच्या खर्चाचे दोन भाग पडतात. काम असो वा नसो, होणारा तो स्थिर खर्च. आणि काम केले तरच होणारा तो बदलता खर्च. एका नव्या जेसीबीचा हिशेब पुढीलप्रमाणे मांडता येईल.

तक्ता क्र. १ : वार्षिक स्थिर खर्च (गृहीत)
किंमत रु. ३६ लाख, पाच वर्षांनंतरची विक्री रु. १६ लाख; वार्षिक मूल्यघट – रु. ४,००,०००
सरासरी गुंतवणूक रु. २६ लाखांवर १० टक्के व्याज – रु. २,६०,०००
विमा व कर – रु. ६०,०००
ऑपरेटरचे वेतन, दरमहा रु. २०,००० – रु. २,४०,०००
एकूण – रु. ९,६०,०००

बदलत्या खर्चात ताशी ५ लिटर डिझेल (लिटरला रु. ९० प्रमाणे रु. ४५०) आणि ऑइल, टायर, बकेटचे दात व दुरुस्ती यांचे रु. १५० धरू. एकूण ताशी रु. ६००. डिझेल व ऑपरेटरसह बाजारातील भाडे ताशी रु. १,२०० असेल, तर प्रत्येक तासामागे स्थिर खर्च भागविण्यास रु. ६०० उरतात. रु. ९,६०,००० भागिले ६०० म्हणजे १,६०० तास. हा समच्छेद बिंदू होय.

तक्ता क्र. २ : वार्षिक वापर व प्रति तास खर्च
८०० तास – रु. १,८००
१,२०० तास – रु. १,४००
१,६०० तास – रु. १,२००
२,००० तास – रु. १,०८०

म्हणजे ज्याच्या स्वतःच्या प्रकल्पात वर्षाला ८०० तासांचे काम आहे, त्याला स्वतःचे यंत्र तासाला रु. ६०० जादा देऊन वापरावे लागते. 'घरचे यंत्र, भाडे वाचले' हा समज केवळ डिझेलचा खर्च मोजल्यामुळे निर्माण होतो.

या गणिताची संवेदनशीलता अधिक बोलकी आहे. गावात आणखी चार यंत्रे आली व स्पर्धेने दर रु. १,२०० वरून रु. १,१०० वर घसरला, तर समच्छेद बिंदू १,९२० तासांवर जातो. दरातील सुमारे ८ टक्क्यांची घट कामाची गरज २० टक्क्यांनी वाढविते. आणि दर घसरण्याचे कारण यंत्रांची वाढती संख्या हेच असल्याने, त्याच वेळी प्रत्येकाच्या वाट्याचे तासही घटतात. एकाचे यश पाहून दहा जणांनी तोच व्यवसाय निवडला, की पहिल्याचाही तोटा होतो तो यामुळे.

ऋतुमान, ऊसतोड व हप्ता :

१,६०० तास म्हणजे रोज ८ तासांप्रमाणे २०० दिवस. हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेत असले, तरी जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांत ओली काळी माती व उभी पिके यांमुळे शेतातील कामे मंदावतात. ही कामे जवळपास थांबतात असे धरल्यास उरलेल्या २४३ दिवसांपैकी २०० दिवस पूर्ण काम मिळणे आवश्यक ठरते. दुरुस्ती, सण, यंत्राची ने-आण व ऑपरेटरची रजा याच अवधीत येतात.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक बंधन आहे. आडसाली ऊस १६ ते १८ महिने शेतात उभा असतो. यंत्र शेतात कधी जाणार, हे कारखान्याचा तोडणी कार्यक्रम ठरवितो. एका शिवारातील ऊस साधारण एकाच सुमारास तुटतो व सर्वांना एकाच वेळी यंत्र हवे असते. उन्हाळ्यात शेततळी, विहिरी व गाळ काढण्याच्या कामांची त्यात भर पडते. त्या दिवसांत यंत्र मिळत नाही आणि इतर काळात यंत्राला काम मिळत नाही.

कर्जाचा हप्ता मात्र ऋतू पाहत नाही. रु. ३० लाखांचे कर्ज १० टक्के दराने चार वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे रु. ७६,००० येतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत हप्ता व ऑपरेटरचे वेतन मिळून सुमारे रु. ३,८४,००० काम नसताना भरावे लागतात. ही रक्कम उन्हाळ्याच्या कमाईतून बाजूला काढलेली नसेल, तर ती पीककर्ज, सोसायटी किंवा खासगी सावकार यांच्याकडून येते. नुकसानीची सुरुवात बहुधा येथूनच होते.

कर व कायदेशीर बाबी :

यंत्राच्या खरेदीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. करनोंदणी असलेल्या भाडे-व्यावसायिकाला आपल्या करपात्र भाड्याच्या करातून त्याची वजावट मिळू शकते. केवळ स्वतःच्या शेतासाठी यंत्र घेणाऱ्याला तो संपूर्ण खर्चच असतो. जेसीबीसारख्या टायरवरील यंत्राची परिवहन कार्यालयात नोंदणी आवश्यक आहे. १ जानेवारी २०२५ पासून बांधकाम-यंत्र वाहनांना प्रदूषणाचे पाचव्या टप्प्याचे निकष लागू झाले आहेत. जुने यंत्र घेताना नोंदणी, विमा, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला व दुरुस्तीच्या पावत्या पाहाव्यात. केवळ तासांच्या मीटरवर विसंबू नये. पिना-बुश व हायड्रॉलिक यंत्रणा जाणकार मेकॅनिककडून तपासून घ्यावी.

सर्वांत मोठा धोका गौण खनिजाचा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८(७) नुसार अनधिकृत उत्खननास बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो व कलम ४८(८) नुसार यंत्र व वाहन जप्त होऊ शकते. ३ फेब्रुवारी २००० च्या केंद्रीय अधिसूचनेने बंधारे, रस्ते, लोहमार्ग व इमारती यांच्या बांधकामात भरणी वा सपाटीकरणासाठी वापरलेली साधी मातीही गौण खनिज ठरविली. मात्र प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन ऑफ पुणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये मातीचा प्रत्यक्ष वापर कशासाठी झाला हे पाहणे आवश्यक मानले. पाया खोदताना निघालेली माती त्याच भूखंडावर वापरणे व ती बाहेर विकणे या दोहोंत भेद आहे. यंत्र भाड्याने देणाऱ्याने काम सुरू करण्यापूर्वी जागामालकाची परवानगीपत्रे स्वतः पाहावीत; कारण जप्ती जागामालकाच्या घराची होत नाही, यंत्राची होते.

निष्कर्ष :

१) खरेदीचा निर्णय यंत्राच्या किमतीपेक्षा वर्षभरात खात्रीने मिळणाऱ्या तासांवर ठरतो.
२) एकच शेततळे, एखादा भूखंड-प्रकल्प किंवा महाविद्यालयाची एखादी इमारत यांसाठी भाडे हाच किफायतशीर पर्याय होय.
३) रस्ते वा बांधकाम ठेकेदाराकडून पावसाळ्यातही पुरेल असे लेखी काम हाती असेल, तरच कर्ज काढून केलेली खरेदी समर्थनीय ठरते.
४) हंगामी मागणीमुळे यंत्रांचा एकाच वेळी तुटवडा व अतिरेक अनुभवास येतो.

शिफारशी :

१) खरेदीपूर्वी एक पूर्ण वर्ष भाड्याच्या यंत्रावर कामे घेऊन तासांची नोंदवही ठेवावी. नोंदलेले तास समच्छेद बिंदूपेक्षा कमी भरल्यास खरेदी पुढे ढकलावी.
२) भाड्याच्या करारात डिझेल कोणाचे, मीटर केव्हापासून धरावयाचा, बिघाडाचा वेळ कोणाच्या माथी व ने-आणीचा खर्च कोणाचा, हे चार मुद्दे लिहून घ्यावेत.
३) तीन-चार शेतकऱ्यांनी वा विकास सोसायटीने सामाईक मालकी पत्करल्यास तास वाढतात व जोखीम विभागली जाते, मात्र हंगामातील क्रम आधीच ठरविणे आवश्यक आहे.
४) वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी समच्छेद विश्लेषण शिकविताना पुस्तकी कारखान्याऐवजी परिसरातील यंत्राचा हिशेब उदाहरणादाखल घ्यावा. विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे.

समारोप :

नीरा कालव्याच्या काळात माती हलविण्यास माणसांचे श्रम व अनेक वर्षे लागत. आज त्याच परिसरात एखादे शेततळे तीन दिवसांत पूर्ण होऊ शकते. यंत्राचे हे सामर्थ्य निर्विवाद आहे. परंतु हे सामर्थ्य भाड्यानेही मिळते, त्यासाठी मालकी आवश्यक नाही, हे समजणे महत्त्वाचे आहे. सहकाराच्या बळावर साखर कारखाने उभारणाऱ्या या भागाला सामाईक साधनांचा हिशेब नवा नाही. तोच हिशेब शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या यंत्राला लावला गेला, तर अनेक कुटुंबांची जमीन कर्जाच्या फेऱ्यातून वाचेल.