साहित्यप्रकारांची खानेसुमारी

वाङ्मयाच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत ओवी, अभंग, बखर, कादंबरी, सुनीत ही नावे, कारकुनाने खतावणीत रकमा मांडाव्यात तशी, प्रत्येकीपुढे दोन ओळींची व्याख्या जोडून मांडलेली आढळतात. आणि त्या व्याख्या सहसा चुकीच्या नसल्या, तरी ही नावे कोठून आली, कोणाच्या पदरी वाढली आणि वाटेत त्यांचा अर्थ किती पालटला, याचा सुगावा त्यांतून लागत नाही.

कादंबरीचेच पाहा. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या नायिकेचे हे विशेषनाम मराठीने एका संपूर्ण साहित्यप्रकारास बहाल केले, हे सर्वश्रुत आहे. पण संस्कृत साहित्यशास्त्रज्ञांनी बाणाच्या त्या ग्रंथाची गणना 'कथा' या वर्गात आणि त्याच्याच 'हर्षचरिता'ची 'आख्यायिका' या वर्गात केली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे 'कथा व कादंबरी यांतील भेद स्पष्ट करा' असा प्रश्न घालणाऱ्या परीक्षकाची मला मौज वाटते. गुजरातीने 'नवलकथा' म्हटले, बंगाली व हिंदीने 'उपन्यास'. कानडी मात्र आपल्याप्रमाणेच 'कादंबरी' म्हणते. बाबा पदमनजींनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले ते विधवांच्या विपन्नावस्थेविषयी. बाणाच्या गंधर्वलोकाचा तेथे मागमूसही नाही.

बखरीची जात निराळी. हा शब्द फारसी-अरबी 'खबर' याचा वर्णविपर्यास होय, अशी व्युत्पत्ती बहुतेक सांगतात. ती ग्राह्य धरली, तर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस शिवचरित्र लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद धन्यास खबर देत होता असेच म्हणावे लागेल, आणि कैफियत, करीना, महजर या दफ्तरी लेखनाशी बखरीच्या गद्याचे असलेले सख्यही उलगडते. इतिहासाचे साधन म्हणून तिच्यावर विसंबणे धोक्याचे, हा संशोधकांचा इशारा रास्त आहे. परंतु पानिपताच्या रणधुमाळीचे वर्णन करणारी 'भाऊसाहेबांची बखर' वाचताना शाबितीचा विचार मागे पडतो आणि भाषेचा वेगच वाचकास ओढून नेतो.

ओवी तर ग्रंथांपूर्वीची. बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात असा उल्लेख आहे. त्या उखळापासच्या छंदास १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतार्थाचे ओझे वाहावयास लावले. तीन सयमक चरण आणि चौथा आखूड, ही तिची ठेवण. अक्षरसंख्येचा आग्रह तिला नाही. अभंग मात्र हिशेबी: मोठ्या अभंगात सहा अक्षरांचे तीन चरण व चार अक्षरांचा चौथा, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांस.

सुनीत चौदा ओळींचे. केशवसुतांनी १८९२ साली ते मराठीत आणले. गझलेस माधव जूलियनांनी आणि पुढे सुरेश भटांनी येथील रहिवास मिळवून दिला. दिवाकरांची नाट्यछटा, जीत एकच पात्र बोलते आणि दुसऱ्याचे बोलणे आपण तर्काने जाणतो, ती जवळजवळ त्यांच्याबरोबरच संपली. एकट्या माणसाच्या नावावर उभ्या असलेल्या या प्रकारास पाठ्यपुस्तकांत एवढी जागा मिळते, ती मला उचित वाटते.

का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजना'चा दिवाळी अंक काढला. कथा, कविता, लेख, चित्रे यांस एका वेष्टनात घालणाऱ्या त्या प्रकाराची व्याख्या विद्यार्थ्यांच्या वहीत मी अद्याप पाहिलेली नाही.