वाकळ पाहावी उलट बाजूनेही!

सोलापूर म्हटलं की जेकार्डची चादर आठवते; तिला भौगोलिक मानांकनही आहे. चादरीची नक्षी पंचकार्डं ठरवतात, वाकळेची, म्हणजे गोधडीची, मात्र शिवणाऱ्या बाईची नजर. प्रदर्शनात हाताने शिवलेली वाकळ दिसली, तर एवढं जरूर बघा:

▪ धावदोरा: बऱ्याचदा कडेपासून मध्याकडे चौकोनात फिरत जातो. थर तोच धरून ठेवतो, नक्षीही तोच काढतो.
▪ आतले थर: जुनी लुगडी, धोतरं. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत अंगाला ऊब देतं.
▪ वरचे तुकडे: इरकलीचा लाल पदर, खणाची चौकट कुठे बसवलीय?
▪ उलट बाजू: तिथेही टाके एकसारखे, म्हणजे हात कसलेला.

आवडली तर घासाघीस न करता घ्या. कित्येक दुपारींची मेहनत असते हो ती!

#वाकळ #गोधडी #सोलापूर