दोन कोटा, दोन दगड

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागले की मोहोळ तालुक्यात चिंचोळी एमआयडीसी लागते. शेजारच्या कलबुर्गी (पूर्वीच्या गुलबर्गा) जिल्ह्यातही एक चिंचोळी आहे. पाकिटावर नुसते 'चिंचोळी' लिहिले, तर पत्र कोठे जाईल? खडकांच्या नावांचेही असेच आहे. फरक एवढाच की चुकलेले पत्र परत येते. चुकलेली माहिती मात्र एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत राहते.

या एमआयडीसीजवळच्या एका शाळेत मी विज्ञान प्रदर्शनाचा परीक्षक होतो. एका विद्यार्थ्याने कारखान्याच्या बांधकामावरून आणलेला कोटा फरशीचा तुकडा मांडला होता. शेजारी पाटी होती : 'जुरासिक काळातील खडक. यात मासे व डायनोसॉर सापडतात.' फरशीवरील फांदीसारख्या काळ्या नक्षीला त्याने 'वनस्पतीचा जीवाश्म' म्हटले होते. मुलाने पुस्तक नीट वाचले होते. पण पुस्तकातला कोटा दुसराच होता!

ओळखता येईल अशा खडकांच्या थरांच्या गटाला भूवैज्ञानिक 'शैलसमूह' म्हणतात आणि तो जेथे चांगला दिसतो त्या ठिकाणाचे नाव त्याला देतात. जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असलेला कोटा शैलसमूह गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंचाजवळ प्राणहितेच्या काठी असलेल्या कोटा या खेड्यावरून ओळखला जातो. तो जुरासिक काळातला, म्हणजे साधारण १६ ते २० कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्यातील चुनखडकात माशांचे जीवाश्म मिळतात. १९७५ साली वर्णन झालेला 'बारापासॉरस टागोराय' हा प्रचंड डायनोसॉर याच शैलसमूहातला. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

फरशीचा कोटा राजस्थानातला. हा चुनखडक विंध्य महासंघातला, सुमारे शंभर कोटी वर्षांचा किंवा त्याहूनही जुना. पृथ्वीवर मासे अवतरले ते ५० कोटी वर्षांच्या आसपास आणि डायनोसॉर सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वी. मग या फरशीत ते असणार कसे?

आणि ती नक्षी? खडकाच्या भेगांतून झिरपणाऱ्या पाण्यातील मँगनीजची संयुगे अशी फांद्याफांद्यांनी साचतात. खिडकीच्या काचेवर थंडीत हिम धरते, तसेच. त्यात पेशी नसतात, शिरा नसतात. तो जीवाश्माचा भास आहे.

म्हणून नमुन्याच्या पाटीवर तीन गोष्टी हव्यात : दगड कोणत्या खाणीतून किंवा गावाहून आला, शैलसमूहाचे पूर्ण नाव आणि वय. यांपैकी पहिली ठाऊक नसेल, तर उरलेल्या दोन लिहूच नयेत.

मुलाचा चेहरा उतरला होता. मी त्याला पायाखाली पाहायला सांगितले. सोलापूरचा काळा पाषाण लाव्ह्यापासून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी बनला. त्यावर बसवलेली फरशी त्याच्या किमान पंधरापट जुनी! त्याने लगेच खडू मागितला आणि पाटी पुसून नवीन लिहिली : 'राजस्थानचा कोटा. आपल्या जमिनीहून जुना.'