ट्रॅक्टर चढाला दम का टाकतो?



गळीत हंगाम सुरू झाला की शेतकी खात्याकडे एक तक्रार ठरलेली. "साहेब, ट्रॅक्टर रिकामा पळतो, पण ट्रेलर भरले की चढाला मरतो." तोडलेला ऊस २४ तासांत गव्हाणीत पडला पाहिजे. वाटेत वाळला तर सभासदाचं वजन घटतं आणि सगळ्यांचीच साखर. म्हणून आम्ही मिस्त्री नसलो तरी हा विषय आमचाच आहे.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला हुकूम, "पंप-नोझल खोला." आमचं म्हणणं, ते शेवटी. आधी भरला ट्रॅक्टर चढाला लावा आणि एकानं बाजूला उभं राहून धूर बघा.

इंजिनाचे फेरे उतरताहेत, पण धूर काळा होत नाही, तर इंजिनाला बहुधा डिझेलच पुरत नाही. रिकाम्या गाडीला थोडं डिझेल भागतं, त्यामुळे वस्तीवर हा दोष दिसत नाही. पहिल्यांदा अ‍ॅक्सिलेटरचा दांडा पुरता खाली जातो का ते पाहा. मग टाकीचं झाकण ढिलं करून चालवा. गाडीनं ओढ धरली तर झाकणाचं हवेचं भोक मातीनं बुजलंय. तारेनं साफ करा, पैसा लागत नाही. तरी फरक नाही, तर फीड पंपाची जाळी धुवा, डिझेल फिल्टर बदला. फडात कॅननं डिझेल ओततो, त्यातली माती अन् पाणी इथंच येऊन बसतं. फिल्टर बदलल्यावर एअर काढायची. वरचा स्क्रू ढिला करून फीड पंपाचा हातदांडा मारा; बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा.

काळा धूर ओकत गाडी मरते, तिथं हवा कमी पडते. जुन्या ट्रॅक्टरचा ऑइल-बाथ एअर क्लीनर उघडून बघा. खाली तेलाऐवजी चिखल सापडतो, वर पाचटाची कुसं. नवं तेल खुणेपर्यंतच भरा, जास्त झालं तर इंजिन ते ओढून घेतं. कागदी फिल्टर डिझेलनं धुऊ नये. क्लीनर साफ करूनही काळा धूर राहिला, तर आता नोझल तपासायला द्या.

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. ही दोन्ही कामं मिस्त्रीची.

फेरे चढतात पण चाक रेंगाळतं, तिथं क्लच घसरतोय. आणि ट्रेलरचा ब्रेक धरून राहिला तर इंजिन उगाच बदनाम होतं. थांबल्यावर हबजवळ हात नेऊन बघा, एकच चाक चटका देईल.

पंपाचं सील तोडून डिझेल वाढवून घ्यायची चाल आम्हाला मुळीच पसंत नाही. हवा तेवढीच, डिझेल जास्त. मग धूर होतो, पिस्टन तापतात आणि पुढच्या हंगामाआधी इंजिन उतरवावं लागतं. वाहतुकीच्या बिलातून ट्रॅक्टरचा हप्ता फेडणाऱ्याला हे परवडत नाही.

ही तपासणी तोडणीची पाळी यायच्या आधी, ट्रेलरमध्ये माती भरून करा. टोळी फडात उतरल्यावर वेळ मिळत नाही. वाटेत गाडी बंद पडलीच तर चाकामागं लावलेला दगड निघताना रस्त्यावर सोडू नका. रात्री मागून मोटारसायकलवाले येत असतात.