पुसलेले सामने आणि जपलेल्या फिती

१८ जून १९८३ रोजी इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथे झिंबाब्वेविरुद्ध भारताची अवस्था ५ बाद १७ अशी झाली होती. तेथून कपिल देवने १३८ चेंडूंत नाबाद १७५ धावा काढल्या, भारताने ३१ धावांनी सामना जिंकला आणि त्याच महिन्यात विश्वचषकही आणला. ही हकीकत घराघरात सांगितली जाते. परंतु ती खेळी आज कुणालाही पाहता येत नाही, कारण त्या मैदानावर टीव्हीचा कॅमेराच नव्हता. २०२१ साली '८३' हा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा ती एका नटाकडून करवून घ्यावी लागली.

कॅमेरा नव्हता हे एकवेळ समजून घेता येते. परंतु कॅमेरा होता, फीत होती आणि ती नंतर पुसली गेली, असे जे झाले त्याचे काय? आम्ही कारकुनी पेशातले. कचेरीत कोणता कागद किती वर्षे ठेवायचा याचा नियम असतो आणि मुदत संपली की गठ्ठे रद्दीत जातात, हे आम्ही रोज पाहत आलो आहोत. टीव्ही कंपन्यांतही तोच प्रकार झाला. १९५६ साली अमेरिकेत अँपेक्स कंपनीने व्हिडिओ टेप आणली. ती दोन इंच रुंद, अतिशय महाग आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारी होती. मग हिशेबी माणसाने काय करावे? कालच्या सामन्यावर आजचा कार्यक्रम भरावा! हिशेबाच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. आम्हीही बी.कॉम. झालेले आहोत, खर्च वाचवणे आम्हाला कळते. पण त्या बचतीत काय गेले ते खतावणीत कुठे लिहिले गेले नाही.

१५ जानेवारी १९६७ रोजी लॉस एंजेलिस येथे अमेरिकन फुटबॉलचा पहिला 'सुपर बोल' सामना झाला. एक नव्हे, दोन मोठ्या टीव्ही कंपन्यांनी तो दाखवला. दोघींपैकी एकीनेही त्याची पूर्ण फीत जपली नाही. पेनसिल्व्हेनियातील एका प्रेक्षकाने मात्र तो टेपवर घेतला होता आणि ती टेप वर्षानुवर्षे माळ्यावर पडून होती. २०११ साली ही गोष्ट जगजाहीर झाली. मध्यंतराचा आणि त्यानंतरचा काही खेळ तिच्यात नाही, तरी बाकीचा सामना आहे.

बेसबॉलमध्येही असेच घडले. १३ ऑक्टोबर १९६० रोजी पिट्सबर्ग संघाने न्यूयॉर्क यांकीजला १० विरुद्ध ९ असे हरवून जगज्जेतेपद मिळवले. गायक-नट बिंग क्रॉसबी हा पिट्सबर्ग संघाच्या मालकांपैकी एक. सामना पाहण्याची त्याची छाती होईना म्हणून तो पॅरिसला निघून गेला आणि जाताना पैसे देऊन टीव्हीवरचा सामना फिल्मवर उतरवून घेण्याची व्यवस्था करून गेला. पुढे पन्नास वर्षे त्या पाच रिळी त्याच्या घराच्या तळघरात राहिल्या. डिसेंबर २००९ मध्ये त्या सापडल्या आणि नंतर लोकांनी तो सामना डीव्हीडीवर विकत घेऊन घरी पाहिला. त्यात पोर्तो रिकोचा कृष्णवर्णीय खेळाडू रॉबर्तो क्लेमेंते जिवाच्या आकांताने धावताना दिसतो. हाच क्लेमेंते ३१ डिसेंबर १९७२ रोजी निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान अपघातात गेला. श्रीमंताच्या लहरीमुळे का होईना, त्याचे ते धावणे टिकले.

असो. हे सारे काटकसरीत किंवा दुर्लक्षात गेलेले सामने. परंतु एखादी फीत दिसूच नये म्हणून कायदा केला जातो, हे आपल्या वाचकांनी विशेष समजून घेण्यासारखे आहे.

जॅक जॉन्सन हा टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन गावचा काळा मुष्टियोद्धा. त्याचा जन्म १८७८ चा. जगज्जेतेपदाचा मान गोऱ्यांपुरताच राहावा म्हणून हेवीवेट गटातील गोरे विजेते काळ्यांशी लढायलाच नकार देत. अस्पृश्याच्या हातचे पाणी नको, तसा काळ्याच्या हातचा पराभव नको! अखेर २६ डिसेंबर १९०८ रोजी ऑस्ट्रेलियात सिडनी येथे कॅनडाचा टॉमी बर्न्स त्याच्यासमोर उभा राहिला. चौदाव्या फेरीत बर्न्स कोसळण्याच्या बेतात असताना पोलिसांनी लढत थांबवली आणि त्याच वेळी चित्रीकरणही बंद करण्यात आले. गोरा विजेता काळ्याकडून हरला तो अखेरचा क्षण फितीवर नाही. जॉन्सन जगज्जेता झाला, पण तो होताना कुणी पाहायचे नाही, अशी ती तऱ्हा.

मग निवृत्त झालेल्या जिम जेफ्रीज या अपराजित गोऱ्या विजेत्याला परत बोलावण्याची हाकाटी सुरू झाली. तिच्यात जॅक लंडनसारखा नामवंत लेखकही होता याचे आम्हाला फार वाईट वाटते. ४ जुलै १९१० रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नेवाडातील रेनो येथे ही लढत झाली. पूर्वी कधीच खाली न पडलेला जेफ्रीज पंधराव्या फेरीत खाली गेला आणि त्याच्या माणसांनी लढत थांबवली. त्या रात्री अमेरिकेत अनेक शहरांत काळ्या लोकांवर हल्ले झाले, माणसे मारली गेली.

ही लढत कॅमेऱ्यांनी पूर्ण टिपली होती. पण गावोगावी तिच्या प्रदर्शनावर बंदी आली आणि १९१२ साली अमेरिकेच्या संसदेने कायदाच केला की, मुष्टियुद्धाची फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येणार नाही. १९१५ साली हवाना येथे जेस विलर्ड या गोऱ्याने जॉन्सनला हरवले, तेव्हा ती फिल्म दाखवायला धंदेवाले उतावीळ झाले. कायदा आडवा आला. म्हणून १९१६ साली त्यांनी कॅनडाच्या सीमेवर तंबू ठोकला, पलीकडच्या बाजूने फिल्म चालवली आणि अलीकडच्या बाजूने तिची चित्रे टिपून घेतली! फिल्म सीमा ओलांडत नाही, फक्त उजेड ओलांडतो, अशी ती पळवाट. कोर्टाने ती मानली नाही. हा कायदा १९४० सालापर्यंत टिकला.

या फिती आज पाहायला मिळतात त्याचे बरेचसे श्रेय संग्राहकांना जाते. जिम जेकब्ज हा हँडबॉलचा अमेरिकन विजेता. त्याला लहानपणापासून मुष्टियुद्धाच्या फिल्म जमवण्याचा नाद होता. अमेरिकेचा कायदा अमेरिकेबाहेर चालत नव्हता, त्यामुळे तेथे बंदी असलेल्या फिती परदेशात शिल्लक राहिल्या होत्या. बिल केटन या भागीदारासह त्याने हजारो फिल्मचा साठा केला आणि त्यातून १९७० साली 'जॅक जॉन्सन' हा माहितीपट काढला. २००४ साली केन बर्न्स यांनी केलेला दीर्घ माहितीपटही डीव्हीडीवर आला. रेनोची मूळ फिल्म २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत दाखल झाली. ज्या देशाने ती दडपली त्याच देशाने ती ठेवा म्हणून मानली. जॉन्सनवर वर्णद्वेषातून लादलेल्या शिक्षेची माफी मात्र २०१८ साली आली. तो १९४६ सालीच वारला होता.

हे वाचताना आम्हाला पळवणकर बाळू आठवतात. चांभार समाजातील हा डावखुरा गोलंदाज १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला आणि ११४ बळी घेऊन आला. पुण्यात मैदानावर गोऱ्या साहेबांना गोलंदाजी करणाऱ्या बाळूंना चहा मात्र वेगळ्या भांड्यात, बाहेर मिळे. त्यांची गोलंदाजी आपल्याला आकड्यांतूनच वाचावी लागते. चेंडू कसा सुटत असेल, कसा वळत असेल, हे मनाशी रचावे लागते.

आता आपल्या घराकडे वळू. १९८२ च्या दिल्ली एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि मागोमाग व्हीसीआर. वस्तीत वर्गणी काढून तो भाड्याने आणायचा आणि रात्रभर तीन-तीन पिक्चर पाहायचे, हे चाळिशीपुढच्या वाचकांना सांगायला नको. पुढे लग्नाचे शूटिंग करणारा गडी जयंतीच्या मिरवणुकीला आणि मंडळाच्या कबड्डी सामन्यांनाही बोलावला जाऊ लागला. त्या कॅसेटी आज माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या तळाशी आहेत. आपल्या पोरांची कबड्डी कोणत्याही टीव्ही कंपनीने दाखवलेली नाही. त्यामुळे जी आहे ती एकच प्रत, असे धरून चालावे.

या कॅसेटींचे आयुष्य सरत आले आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ साली उत्पादन बंद केले. आपल्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट चालू यंत्रात घालू नये, यंत्राचे हेड खराब होते आणि पुढच्या कॅसेटलाही बुरशी लागते. ती जाणकाराकडून आधी साफ करून घ्यावी. कॅसेट आडवी न रचता पुस्तकासारखी उभी ठेवावी, स्पीकरपासून दूर. पाठीमागचा प्लास्टिकचा छोटा तुकडा मोडून टाकावा, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही. शहरांत कॅसेट संगणकावर उतरवून देणारी दुकाने आहेत. उतरवून झाल्यावर दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात आणि मूळ कॅसेट फेकू नये. टीव्हीवरून घेतलेल्या सामन्याच्या प्रती काढून विकणे कायद्यात बसत नाही. मंडळाने स्वतः केलेल्या शूटिंगची गोष्ट वेगळी.

सर्वांत जास्त हयगय होते ती नावांची. 'कबड्डी, १९९१' एवढेच लिहिलेल्या कॅसेटचा पुढच्या पिढीला काय उपयोग? गाव, तारीख, दोन्ही संघ, पंच, चढाई करणारा कोण, कडेला टाळ्या वाजवणाऱ्या बाया कोण, हे सारे वहीत उतरवले पाहिजे. त्या सामन्यात खेळलेली पोरे आता पन्नाशी-साठीला आली आहेत. कॅसेट उतरवून घेतली की त्यांना एका रविवारी चहाला बोलवावे, फीत लावावी, जागोजाग थांबवावी आणि ते बोलतील तसे लिहून घ्यावे.