बाळाचे जुलाब: आधी पाणी भरून काढा

बाळाला जुलाब लागले की घरातल्यांची पहिली मागणी असते, ‘डॉक्टर, आधी हे थांबवा.’ मग ओआरएस देऊनही शी पातळच राहिली की पुडी बाजूला पडते. पण ओआरएस जुलाब थांबवायला नसतंच. अंगातून गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायला असतं. बाळ दगावतं ते बहुतेकदा पाणी कमी पडल्यानं. जुलाब चालू असतानाही लहान आतडं ग्लुकोजच्या जोडीनं मीठ आणि त्यामागोमाग पाणी शोषून घेतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन अपुरं पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, सोडा, ग्लुकोज मिसळलेलं पाणी रुग्णांना पाजायला लावलं आणि पटकीचे मृत्यू झपाट्यानं कमी झाले.

गफलत होते ती प्रमाणात. लिटरची पुडी अंदाजानं पेल्यात टाकली की द्रावण खारट होतं आणि बाळाच्या रक्तात मीठ वाढतं. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात अख्खी पुडी घालावी. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यावं. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबामागे ५० ते १०० मिलिलिटर, वाटी-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अजून सावकाश. खोक्यातले गोड रस हा पर्याय नव्हे. जादा साखर आतड्यात उलट पाणी ओढते.

‘टाळू पडली म्हणून जुलाब लागले’ असं म्हणत आजी तेलानं टाळू भरायला घेते. आजीची नजर पक्की असते, क्रम मात्र उलटा: पाणी गेलं म्हणून टाळू खोल गेली. तेव्हा तेलात वेळ घालवू नये. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती सावकाश सपाट झाली, डोळे खोल गेले, बाळ सुस्त पडलं, पिईना किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर तडक दवाखाना गाठावा.

दात येण्यानं जुलाब लागत नाहीत; त्या वयात बाळ दिसेल ते तोंडात घालतं. पोटाला आराम म्हणून अंगावरचं दूध तोडणं तर घातकच. मोठ्या बाळाला मऊ वरणभातही चालू ठेवावा. बहुतेक जुलाब विषाणूंचे, त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. झिंकची गोळी मात्र जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायची: सहा महिन्यांपर्यंत रोज १० मिलिग्रॅम, पुढे २०. पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब लागण्याची शक्यता त्यानं कमी होते. पुडी आणि गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.