मूर्तीमागचा लेख

मोठ्या शहरातले संग्रहालय आपण ‘बघून येऊ’ म्हणतो आणि दोन तासांत बघून येतोही. आपल्या बडोद्याचेच घ्या. सयाजीराव महाराजांनी कमाटीबागेत उभारलेल्या संग्रहालयाची इमारत १८९४ची; चित्रदालन १९२१ साली लोकांना खुले झाले. पाहुणा आला की आपण त्याला ममी दाखवतो, देवमाशाचा सांगाडा दाखवतो, युरोपीय तैलचित्रांवरून नजर फिरवतो आणि बागेत येतो. अकोट्याच्या धातुमूर्ती मात्र बहुधा राहून जातात. म्हणून माझे सांगणे असे, की एका फेरीत सगळे पाहू नये. एकाच दालनात जावे आणि तिथे वेळ द्यावा. होमिओपॅथीत रुग्णाची हकीकत जशी सावकाश ऐकावी लागते, तसेच हे आहे.

अकोटा हा विश्वामित्रीच्या पश्चिमेचा, आता शहरात मिसळून गेलेला भाग. जुने नाव अंकोट्टक. १९५१ साली तिथे जैन धातुमूर्तींचा मोठा साठा मिळाला. लहानमोठ्या मिळून ६८ वस्तू. काळ सुमारे पाचव्या ते अकराव्या शतकापर्यंतचा. डॉ. उमाकांत शहा यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला.

मंदिरात आपण मूर्तीचे दर्शन घेतो. तिथे मन नमस्कारात असते, आणि ते योग्यच आहे. संग्रहालयात वेगळे प्रश्न विचारता येतात: ही कोणी घडवली, कोणी दिली, अंगावर काय आहे? जीवंतस्वामीची मूर्ती पाहा. जीवंतस्वामी म्हणजे दीक्षेपूर्वीचे महावीर; म्हणून डोक्यावर मुकुट, अंगावर अलंकार, आणि तरीही उभे ध्यानात. तिच्यावरच्या लेखात नाव आहे ते नागीश्वरी नावाच्या श्राविकेचे. दान देणाऱ्या एका बाईचे नाव जवळजवळ दीड हजार वर्षांनी आपण वाचतो, ते त्या काही अक्षरांमुळे. दुसऱ्या एका मूर्तीवर जिनभद्र वाचनाचार्यांचे नाव आहे.

ऋषभनाथांची उभी मूर्ती भंगलेली आहे, पण धोतर स्पष्ट दिसते. तीर्थंकराला अधोवस्त्र दाखवणारी ही आजवर ज्ञात असलेली सर्वांत जुनी मूर्ती मानली जाते. मथुरेच्या कुशाणकालीन उभ्या तीर्थंकरमूर्ती वस्त्रहीन आहेत. मी दिगंबर घरातला. वस्त्रहीन मूर्तीच पाहत वाढलो. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणून कोणता संप्रदाय खरा हे ठरत नाही. मूर्ती घडवण्यात हा भेद साधारण केव्हा दिसू लागला, एवढेच कळते. वाद घालण्यापेक्षा हे कळणे मला अधिक मोलाचे वाटते. शिवाय भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. अशा मूर्तीला संग्रहालयाशिवाय जागा कुठली?

इथून घरी परतताना एक काम बरोबर न्यावे. पश्चिम भारतातल्या अनेक मंदिरांत आणि घरदेरासरांत लहान पंचतीर्थी, चोवीसी आहेत. त्यांच्या मागच्या बाजूला पुष्कळदा संवत, दात्याचे नाव, कुळ आणि आचार्यांचे नाव कोरलेले असते. चिंच, राख, कुंची यांनी रोज घासून ही अक्षरे झिजतात. मूर्ती चकचकीत होते आणि नागीश्वरीसारखे एखादे नाव पुसले जाते. दगडावरचा मोठा लेख सगळ्यांना दिसतो. हा बोटभर लेख पुजाऱ्याखेरीज कोणी पाहत नाही.

तेव्हा विश्वस्तांची परवानगी घेऊन, मर्यादा पाळून, मागच्या बाजूचा फोटो तिरप्या उजेडात काढावा. त्यात झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. वाचता येईल तेवढे वहीत उतरवावे, न कळलेल्या अक्षराची जागा मोकळी सोडावी, अंदाजाने भरू नये. आणि पाठ घासताना हात हलका ठेवावा, एवढे पुजाऱ्यांना समजावून सांगावे.